पार्क थिएटरचे ऋण : न्यूयॉर्कमधील इटालियन ऑपेरा, १८२५ ते १८९५

संस्थेचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे तिची घटना, अध्यक्षांची नामावळी, इमारतनिधीचा जमाखर्च आणि वार्षिक अहवालांचे दप्तर हाताशी असावे अशी अपेक्षा असते. परंतु ज्या संस्थेचा वृत्तांत या स्मरणिकेत सादर करावयाचा आहे तिला कायमची वास्तू नव्हती, एक चालक नव्हता, आणि तिचे दप्तर म्हणावे तर ते जुन्या वृत्तपत्रांच्या स्तंभांत, खाजगी रोजनिशींत व नाट्यगृहांच्या जाहिरातींत विखुरलेले आहे. न्यूयॉर्क शहरातील इटालियन ऑपेरा ही ती संस्था. २९ नोव्हेंबर १८२५ रोजी पार्क थिएटरमध्ये रोसिनीच्या ‘सेव्हिलचा न्हावी’ या विनोदी संगीतिकेचा मूळ इटालियन भाषेत प्रयोग झाला, त्या रात्री तिचा जन्म झाला असे मानावयास हरकत नाही. त्या रात्रीला दोनशे वर्षे पूर्ण झाली म्हणून हे स्मरण. पुढील सत्तर वर्षांत ज्या ज्या वास्तूंत या संस्थेने संसार मांडला त्यांपैकी अनेक आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या, जे जे चालक हौसेने पुढे आले त्यांतील बरेचसे कर्जबाजारी होऊन दूर झाले. तरी संस्था जगली. ती कशाच्या बळावर जगली याविषयीचे माझे मत प्रारंभीच नमूद करून ठेवतो : ती हास्यरसाच्या बळावर जगली, आणि ज्या धनिकांनी तिला पुढे भव्य प्रासाद बांधून दिले त्यांनी त्याच हास्यरसाला मागल्या रांगेत नेऊन बसविले.

१८२५ हे न्यूयॉर्कच्या उत्कर्षाचे वर्ष. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर ईरी कालवा खुला झाला आणि देशाच्या अंतर्भागातील माल जलमार्गाने या बंदरात येऊ लागला. शहराची लोकसंख्या सुमारे १,६६,००० होती. सिटी हॉलनजीकचे पार्क थिएटर हे तेथील सर्वांत प्रतिष्ठित नाट्यगृह. त्याची मूळ इमारत १७९८ सालची. ती १८२० मध्ये जळाली आणि पुढील वर्षी नव्याने उभी राहिली. येथील प्रेक्षक मोठे मानी व तापट होते. लंडनचा विख्यात नट एडमंड कीन याने पूर्वीच्या दौऱ्यात प्रेक्षक थोडे म्हणून बॉस्टनमध्ये खेळ करण्याचे नाकारले होते, शिवाय त्याच्या खाजगी आयुष्याचा बभ्रा समुद्रापलीकडे पोचला होता. तो १४ नोव्हेंबर १८२५ रोजी या रंगमंचावर पुन्हा उभा राहिला तेव्हा प्रेक्षकांनी असा गदारोळ केला की त्याची भाषणे कोणासही नीट ऐकू आली नाहीत. त्याच रंगमंचावर, त्याच शहराच्या प्रेक्षकांपुढे, अवघ्या पंधरा दिवसांनी एका परक्या भाषेतील संगीतिका उभी राहावयाची होती.

रोसिनीचे नाव मात्र त्या प्रेक्षकांना अगदीच अपरिचित नव्हते. हेन्री बिशप या इंग्रज संगीतकाराने लंडनसाठी केलेले ‘न्हाव्या’चे इंग्रजी रूपांतर १८१९ मध्ये याच नाट्यगृहात झाले होते, आणि मोझार्टचा ‘फिगारोचा विवाह’ही बिशपच्याच हाताखालून जाऊन १८२४ मध्ये येथे आला होता. या रूपांतरांत संवाद गद्य असत, अवघड वाटणारी गाणी गाळली जात, आणि रूपांतरकाराच्या स्वतःच्या चाली मध्ये घातल्या जात. दक्षिणेस न्यू ऑर्लिन्समध्ये फ्रेंच भाषिकांच्या वस्तीमुळे ऑपेरा याहूनही आधी रुजला होता. तेथे १७९६ मध्येच ग्रेत्री याची ‘सिल्व्हँ’ ही संगीतिका झाल्याची नोंद आहे. तेव्हा २९ नोव्हेंबरच्या रात्रीचे वैशिष्ट्य अमेरिकेत ऑपेरा आला हे नव्हे. इटालियन संगीतिका इटालियन भाषेत, गद्याचा आधार न घेता, तिच्यासाठीच तयार झालेल्या गायकांकडून प्रथम न्यूयॉर्कने ऐकली, हे ते वैशिष्ट्य होय.

या योजनेमागे डॉमिनिक लिंच नावाच्या मद्याच्या एका सधन व रसिक व्यापाऱ्याचा उत्साह होता आणि पार्क थिएटरचा चालक स्टीफन प्राइस याचे व्यवहारचातुर्य होते. त्यांनी लंडनहून ज्याला करारबद्ध केले तो मानुएल गार्सिया हा खुद्द सेव्हिलमध्ये जन्मलेला गायक. १८१६ मध्ये रोम येथे ‘न्हावी’ प्रथम रंगभूमीवर आला तेव्हा काउंट अल्माविवाची भूमिका याच गार्सियाने केली होती. मूळ प्रयोगातील नायक नऊ वर्षांनी अटलांटिक ओलांडून ती भूमिका अशा शहरात घेऊन आला की जेथे तिचे मूळ रूप कोणी ऐकलेले नव्हते. त्याची मंडळी म्हणजे बव्हंशी त्याचे घरच होते. पत्नी होआकिना वृद्ध दासी बेर्ताच्या भूमिकेत, वीस वर्षांचा मुलगा मानुएल फिगारोच्या, सतरा वर्षांची कन्या मारिया रोझिनाच्या. आणि धाकटी पोलीन अवघी चार वर्षांची, आईबापांबरोबर आलेली. घराबाहेरच्यांपैकी अंग्रिसानी हा खर्जाचा गायक बाझिलिओ झाला, आणि रोझिच हा विनोदी भूमिकांत मुरलेला नट डॉक्टर बार्तोलो. ज्या जहाजाने ही मंडळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बंदरात उतरली त्याच जहाजात रॉबर्ट ओवेन हा समाजसुधारक आपल्या आदर्श वसाहतीच्या कामासाठी अमेरिकेस परतत होता. तीन आठवड्यांत तालमी, वाद्यवृंदाची जमवाजमव आणि समूहगायकांची तयारी, हे सर्व व्हावयाचे होते, आणि ते झाले.

बॉक्समधील आसनासाठी दोन डॉलर, पिटमध्ये एक डॉलर आणि गॅलरीत २५ सेंट असे दर ठरले. मंगळवार आणि शनिवार हे ऑपेराचे वार मुक्रर झाले, उरलेल्या दिवशी तोच रंगमंच इंग्रजी नाटकांसाठी मोकळा. वाद्यवृंद सुमारे पंचवीस वादकांचा होता. युरोपातील मोठ्या नाट्यगृहांच्या मानाने तो लहान खरा, पण त्या शहरात नाट्यगृहासाठी एवढे वादक एकत्र बसणे हीच अपूर्वाई होती. वृत्तपत्रांतून प्रयोगापूर्वी काही दिवस इटालियन ऑपेरास कोणत्या रीतीने जावे, पोशाख कसा असावा, टाळ्या केव्हा वाजवाव्या, यांविषयी मार्गदर्शन करणारी पत्रे छापून येत होती. ती आज वाचताना त्या समाजाची उत्कंठा हृदयाला भिडते. आपण एका मोठ्या गोष्टीच्या उंबरठ्यावर उभे आहोत आणि आपल्या हातून अप्रशस्त वर्तन घडू नये, एवढीच त्या पत्रलेखकांची तळमळ होती. त्या रात्रीच्या प्रेक्षकांत नेपोलियनचा थोरला बंधू जोसेफ बोनापार्ट होता. ज्या स्पेनच्या गादीवरून तो पदच्युत झाला होता त्याच स्पेनच्या एका शहरातील न्हाव्याची करामत, त्याच शहरात जन्मलेल्या गायकाच्या तोंडून, तो परमुलखात ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी काय लिहिले, हा प्रश्न माझ्या दृष्टीने गल्ल्याच्या हिशेबापेक्षा महत्त्वाचा आहे. ‘इव्हिनिंग पोस्ट’च्या लेखकाने आरंभीच असा भाव व्यक्त केला की, जो प्रकार या देशाला सर्वस्वी नवा, पण जुन्या जगातील उच्चवर्गाच्या रंजनांत दीर्घकाळ अग्रगण्य मानला गेलेला, त्याचे वर्णन करावे तरी कोणत्या भाषेत. ही केवळ शोभेची विनम्रता नव्हती. गद्य संवादाऐवजी स्वरांत बोललेले संवाद, पाच-सहा पात्रे एकाच वेळी आपापल्या मनातले गात असताना त्यांतून प्रत्येकाचा स्वभाव उमटविणारी समूहगीते, आणि अभिनय व गायन यांची फारकत न होता दोन्ही एकाच देहातून प्रकट होणे, यांपैकी कशाचीही तुलना करावयास त्याच्यापाशी माप नव्हते. तेव्हा त्याने व त्याच्या समव्यवसायींनी जे दिसले व भावले ते सांगितले : मारियाचे तारुण्य, तिचा निःसंकोच खेळकरपणा, तिच्या आवाजाचा आश्चर्यकारक विस्तार. ती एका रात्रीत शहराची लाडकी झाली. पुढील काळातील समीक्षकांनी या पहिल्या परीक्षणांना बाळबोध ठरविले. माझ्या मते पुढील सत्तर वर्षांत विनोदी ऑपेराविषयी इतके प्रांजळ लेखन पुन्हा फारसे झाले नाही. भाषा न समजणाऱ्या प्रेक्षकाला हसू आले, आणि ते हसू स्वरांमुळे आले, ही गोष्ट त्या लेखकांनी जशी घडली तशी नोंदविली, तीत स्वतःची विद्वत्ता मिसळली नाही.

त्या शहरात एक माणूस मात्र असा होता की ज्याला यातले सर्वच समजत होते. लोरेन्झो दा पोन्ते, मोझार्टच्या ‘फिगारोचा विवाह’, ‘डॉन जिओव्हान्नी’ आणि ‘कोसी फान तुत्ते’ या तीन संगीतिकांचा संहिताकार, १८०५ मध्ये कर्जाच्या तगाद्यापासून सुटण्यासाठी अमेरिकेत आला होता. त्याने न्यूयॉर्कमध्ये किराणा मालाचे दुकान चालविले, पेनसिल्व्हेनियात व्यापार करून पाहिला, इटालियन भाषेच्या शिकवण्या केल्या, ग्रंथ विकले, आणि १८२५ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, तो कोलंबिया कॉलेजात इटालियनचा प्राध्यापक नियुक्त झाला. नियमित वेतन त्या पदाला नव्हते. गार्सियाची व त्याची गाठ पडली तेव्हा गार्सियाने त्याला कडकडून मिठी मारली व ‘डॉन जिओव्हान्नी’तील मद्यगीताच्या ओळी गात त्याच्याभोवती फेर धरला, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, या भेटीचे फळ पुढे खचित दिसले. २३ मे १८२६ रोजी ‘डॉन जिओव्हान्नी’चा अमेरिकेतील पहिला प्रयोग पार्क थिएटरमध्ये झाला. डॉन ओत्ताव्हिओच्या भूमिकेस योग्य गायक मंडळीत नव्हता. तेव्हा त्यासाठी बाहेरून एक गायक आणविण्याचा भार स्वतः दा पोन्ते, त्याचे शिष्य व मित्र यांनी उचलला. प्राग शहरातील पहिल्या प्रयोगास जवळजवळ ३९ वर्षे लोटल्यावर, जगाच्या दुसऱ्या टोकाला, आपले शब्द पुन्हा रंगमंचावरून ऐकण्यासाठी त्या वृद्ध कवीने पदरमोड केली, ही गोष्ट या संस्थेच्या इतिहासात कोणत्याही देणगीदाराच्या नावापूर्वी लिहिली पाहिजे.

त्या प्रयोगात पहिल्या अंकाच्या अखेरच्या समूहगीतात वाद्यवृंद व गायक यांची चूक होऊन सर्व विस्कटले, तेव्हा नायकाच्या भूमिकेत असलेल्या गार्सियाने हातात तलवार घेऊन पुढे येऊन प्रयोग थांबविला, मोझार्टच्या संगीताची अशी विटंबना लाजिरवाणी आहे असे बजावले आणि तो भाग पहिल्यापासून पुन्हा सुरू करावयास लावला, असे सांगतात. मोझार्टने व दा पोन्तेने या कृतीला विनोदी नाट्याचेच नाव दिले होते; मारियाने केलेली खेडवळ झेर्लिना पाहून न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांना ते नाव सार्थ वाटले असेल.

३० सप्टेंबर १८२६ रोजी हंगाम संपला. सुमारे ८० प्रयोग झाले होते. त्यांत ‘न्हावी’, ‘चेनेरेन्तोला’, ‘इटलीतील तुर्क’ या रोसिनीच्या विनोदी कृती होत्या, ‘तांक्रेदी’ व ‘ओतेल्लो’ या गंभीरही होत्या. नवलाई ओसरताच उत्पन्न उतरले. गार्सिया मेक्सिकोस गेला, तेथून परतताना दरोडेखोरांनी त्याला लुबाडले. मारिया हंगामाच्या मध्यावरच युजीन मालिब्रां या व्यापाऱ्याशी विवाह करून न्यूयॉर्कमध्ये राहिली होती, तीही १८२७ मध्ये युरोपला परतली व मालिब्रां या नावाने साऱ्या खंडात कीर्तिमंत झाली.

दा पोन्ते मात्र स्वस्थ बसला नाही. त्याच्या खटपटीने माँत्रेसोर याची मंडळी १८३२ मध्ये आली व रिचमंड हिल थिएटरमध्ये ‘चेनेरेन्तोला’ने तिने प्रारंभ केला; तीही बुडाली. त्याने मग धनिकांना पटवून दिले की ऑपेराला स्वतःची वास्तू हवी. चर्च स्ट्रीट व लिओनार्ड स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर इटालियन ऑपेरा हाउस बांधले गेले, आणि १८ नोव्हेंबर १८३३ रोजी रोसिनीच्या ‘चोरटा साळुंकी पक्षी’ या नावाजलेल्या, अर्धी गंभीर व अर्धी विनोदी अशा संगीतिकेने ते उघडले. या देशात केवळ ऑपेरासाठी म्हणून उभारलेली ही पहिली इमारत. वर्गणीदारांचे बॉक्स, गालिचे, रंगकाम यांची वाखाणणी झाली; पण शहराचा माजी महापौर फिलिप होन याने त्या उद्घाटनानंतर रोजनिशीत शंका नोंदविली की हे खर्चिक व सुसंस्कृत रंजन न्यूयॉर्क पोसू शकेल किंवा नाही. ती खरी ठरली. पहिल्याच हंगामात सुमारे २९,००० डॉलरची तूट आली; १८३६ मध्ये इमारत नाटकवाल्यांकडे गेली, १८३९ मध्ये जळाली. दा पोन्तेने ती जळालेली पाहिली नाही. तो १७ ऑगस्ट १८३८ रोजी निवर्तला होता.

याच सुमारास इटालियन विनोदी संगीत इंग्रजी वेषात घरोघर पोचले होते. रोफिनो लेसी याने ‘चेनेरेन्तोला’चे ‘सिंड्रेला’ या नावाने रूपांतर केले, ते जानेवारी १८३१ मध्ये पार्क थिएटरात आले. रोसिनीने मूळ कथेतील परी गाळून तिच्या जागी एक तत्त्वज्ञ योजिला होता आणि काचेच्या जोड्याऐवजी कंकण घातले होते. लेसीने परी परत आणली, जोडा परत आणला, आणि रोसिनीच्या इतर संगीतिकांतील तुकडेही मध्ये सांधले. शुद्धतावाद्यांनी नाके मुरडली, पण हे ‘सिंड्रेला’ पुढील वीस वर्षे शहरोशहरी चालले.

या देवघेवीचे एक उदाहरण मला विशेष प्रिय आहे. ‘न्हाव्या’च्या दुसऱ्या अंकात रोझिना गाण्याचा धडा घेते, रोसिनीने त्या प्रसंगासाठी लिहिलेले गीत बाजूस ठेवून आपल्या पसंतीचे गीत गावयाचे, हा गायिकांचा प्रघात पडला होता. आमच्या संगीत नाटकाच्या रसिकांना ही मोकळीक सहज समजेल. अॅडेलिना पात्ती हिने याच जागी ‘होम, स्वीट होम’ हे गीत गावे आणि अमेरिकन प्रेक्षकांनी सद्गदित होऊन ते पुन्हा मागावे, असे वारंवार घडले. या गीताचे शब्द जॉन हॉवर्ड पेन याचे. पेन हा न्यूयॉर्कचा, आणि नट म्हणून त्याने प्रथम पाऊल ठेवले ते १८०९ मध्ये पार्क थिएटरच्याच रंगमंचावर. गीताची चाल हेन्री बिशपची. ज्या बिशपने ‘न्हावी’ प्रथम इंग्रजी करून या शहरात पोचविला तोच हा. कठोर समीक्षक या प्रघाताला रसभंग म्हणत आले. मला तो रसभंग वाटत नाही : एक इटालियन संगीतिका अमेरिकेत नांदू लागली याचा तो पुरावा आहे.

यानंतरचा वास्तूंचा इतिहास थोडक्यात आटोपता येईल. फर्डिनांड पाल्मो या उपाहारगृहाच्या मालकाने आयुष्याची पुंजी घालून चेंबर्स स्ट्रीटवर ऑपेरागृह उघडले ते १८४४ मध्ये, बेल्लिनीच्या ‘प्युरितानी’ने, थोड्याच काळात तो सर्वस्व गमावून बसला. १८४७ मध्ये धनिकांनी ॲस्टर प्लेस ऑपेरा हाउस वेर्दीच्या ‘एर्नानी’ने उघडले, १० मे १८४९ रोजी मॅक्रेडी या इंग्रज नटाच्या प्रयोगावरून त्याच्या दाराशी दंगल उसळली, सैनिकांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसे ठार झाली, आणि ते नाव कायमचे कलंकित झाले. २ ऑक्टोबर १८५४ रोजी चौदाव्या रस्त्यावरील अकादमी ऑफ म्यूझिक ‘नॉर्मा’ने उघडली. वाचकांनी हा क्रम ध्यानी घ्यावा. १८२५ मध्ये ‘न्हावी’, १८३२ मध्ये ‘चेनेरेन्तोला’, १८३३ मध्ये ‘साळुंकी’. आणि त्यानंतर ‘प्युरितानी’, ‘एर्नानी’, ‘नॉर्मा’. हातात काही नसताना संस्थेने हास्याने दार उघडले. हाती पैसा आल्यावर उद्घाटनास अश्रूंची प्रतिष्ठा लागली.

समीक्षेतही हेच परिवर्तन दिसते. बॉस्टनच्या जॉन सलिव्हन ड्वाइटने १८५२ ते १८८१ पर्यंत चालविलेल्या संगीतपत्राचे आराध्यदैवत बेथोव्हेन होते. इटालियन मधुरतेला त्याच्या दरबारी खालचे आसन मिळे, आणि विनोदाला त्याहूनही खालचे. न्यूयॉर्क ‘ट्रिब्यून’चा विल्यम हेन्री फ्राय स्वतः संगीतकार, त्याला इटालियन शैलीविषयी आत्मीयता होती, पण त्याचे दुःख निराळे होते : परकीय गायकांवर द्रव्य उधळणारा हा देश स्वतःच्या संगीतकारांना विचारीत नाही, हे ते दुःख, आणि ते खोटे नव्हते. या विद्वानांच्या वादात मी वॉल्ट व्हिटमन या कवीच्या साक्षीला अधिक मोल देतो. मारिएत्ता आल्बोनी ही रोसिनीची शिष्या १८५२-५३ मध्ये न्यूयॉर्कला आली, तेव्हा या शहरात व आसपास तिने जेवढ्या वेळा गायिले तेवढ्या वेळा आपण ऐकले असे त्याने नमूद केले आहे. तिच्या ‘चेनेरेन्तोला’ने ज्या आसनावर त्याला खिळवून ठेवले ते बॉक्समधले आसन बहुधा नव्हते.

१८६५ मध्ये, यादवी युद्ध संपल्यावर काही महिन्यांतच, अकादमीत रिच्ची बंधूंची ‘क्रिस्पिनो’ झाली : मृत्यूच्या कृपेने वैद्य बनलेल्या एका गरीब चांभाराची ही विनोदी कथा. अमेरिकेतच शिकलेली क्लारा लुईझ केलॉग तीत त्या चांभाराची पत्नी झाली. एवढ्या मृत्यूंनंतर शहराने मृत्यूवरच्या विनोदाला दाद दिली, ही घटना ऑपेराच्या इतिहासग्रंथांत दोन ओळींत उरकली जाते. तिला एक स्वतंत्र प्रकरण द्यावयास हवे होते. पुढील वर्षी अकादमी जळाली, ती पुन्हा बांधली गेली. परंतु तिच्यातील मोजके बॉक्स जुन्या घराण्यांच्या ताब्यात होते, म्हणून नव्या धनिकांनी १८८३ मध्ये मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउस उभारले आणि तीन वर्षांत अकादमीचा ऑपेरा बंद पडला. १८८४ पासून सात हंगाम मेट्रोपॉलिटनमध्ये जर्मन भाषेचे राज्य होते. इटालियन परतल्यावर, ४ फेब्रुवारी १८९५ रोजी, वेर्दीचा ‘फाल्स्टाफ’ तेथे प्रथम झाला. व्हिक्टर मोरेलने मुख्य भूमिका केली, मान्चिनेल्लीने संचालन केले. जाणकारांनी त्याची थोरवी तत्काळ ओळखली. ज्या समीक्षेने चार दशके विनोदाला खालचे आसन दिले होते तिला ऐंशीच्या घरातल्या वेर्दीने आपले मत बदलावयास लावले. मात्र पार्क थिएटरच्या त्या पहिल्या रात्रीच्या लेखकाला जे एका रात्रीत उमगले होते ते पुन्हा उमगावयास सत्तर वर्षे लागली.

पार्क थिएटर १८४८ मध्ये जळाले ते पुन्हा उभे राहिले नाही. अकादमीची इमारत १९२६ मध्ये पाडण्यात आली. दा पोन्तेला अकराव्या रस्त्यावरील कॅथॉलिक दफनभूमीत पुरले होते. तेथे त्याच्या थडग्याची खूण कोणी राखली नाही, आणि ती दफनभूमी पुढे हलविण्यात आली. क्वीन्समधील कॅलव्हरी दफनभूमीत आता त्याच्या नावाची एक शिळा आहे.